‘निगेटिव्ह’च्या शेजारी तापाचा दिवसही छापा

प्रति,
मा. आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, पुणे जिल्हा परिषद,
मा. मुख्याधिकारी, चाकण नगरपरिषद,
आणि भोसरी ते चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांचे एचआर प्रमुख व कामगार पुरवणारे ठेकेदार यांस,



मागणी छोटी आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्ध्यात बाजूला ठेवले गेले तरी मुद्दा पोचलेला असेल. आपल्या हद्दीत डेंगी, चिकुनगुन्या, झिका, कोविड, फ्लू यांची जी तपासणी होते, तिच्या रिपोर्टवर दोन गोष्टी ठळक छापल्या जाव्यात. तपासणी कोणत्या पद्धतीने केली आणि नमुना तापाच्या कितव्या दिवशी घेतला. या दोन गोष्टी ज्या रिपोर्टवर नाहीत, त्यावरच्या ‘निगेटिव्ह’ या शब्दाच्या आधाराने कोणाचीही रजा नाकारली जाऊ नये. पुढचे सगळे लिखाण या मागणीचा खुलासा आहे.

निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी. चाकणला एमआयडीसी आली तशा या गावांत खोल्यांवर खोल्या चढल्या. एका खोलीत चौघे-पाच जण, पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचे म्हणून दाराशी पिंपे, आणि पिंपात दिवसा चावणाऱ्या एडिस डासाची अंडी. पावसाळा लागला की ताप सुरू होतात. पोराचे अंग मोडून येते, डोळ्यांच्या मागे ठणकते, तो नाक्यावरच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर शेजारच्या लॅबमध्ये पाठवतात. प्लास्टिकची बोटभर पट्टी, रक्ताचे दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटे. एकच रेघ उमटली की ‘डेंगी निगेटिव्ह’. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर सुपरवायझरकडे जातो आणि उत्तर येते, निगेटिव्ह आहे ना, मग उद्या फर्स्टला ये. नाही गेला तर खाडा.

लॅबच्या टेबलामागे बसून अशा पट्ट्या मीही वाचल्या आहेत. पट्टीवर माझा राग नाही. ती स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही, फ्रिज आणि मशीन नसलेल्या ठिकाणीही चालते. पण ती नेमके काय शोधते हे रिपोर्ट मागणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

डेंगीचा विषाणू वाढत असताना एनएस-१ नावाचे प्रथिन रक्तात सोडतो. पट्टीचा एक भाग ते प्रथिन पकडतो. पहिल्या चार-पाच दिवसांत ते सापडण्याची शक्यता चांगली असते, पुढे ते कमी होत जाते. पट्टीचा दुसरा भाग शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतो. त्यातली आयजीएम पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात आणि दोन-तीन महिने रक्तात टिकतात. म्हणजे सहाव्या दिवशी फक्त एनएस-१ पाहिले तर खरा रुग्ण निसटतो आणि दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम पाहिले तरीही निसटतो. उलट जूनमध्ये डेंगी होऊन गेलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये साधा फ्लू झाला, तरी आयजीएमची रेघ उमटू शकते.

इथपर्यंतचे बहुतेक डॉक्टरांना माहीत असते. याच्या पुढची गोष्ट चाकणसाठी जास्त महत्त्वाची आहे. ज्याला आयुष्यात दुसऱ्यांदा डेंगी होतो, त्याच्या रक्तात पहिल्या वेळची प्रतिपिंडे तयारच असतात. ती एनएस-१ ला चिकटतात आणि पट्टीला ते प्रथिन दिसतच नाही. त्यात दुसऱ्या वेळी आयजीएमही अनेकदा फिकेच राहते. आयसीएमआरने २०१७-१८ मध्ये देशभर जे रक्त-सर्वेक्षण केले, त्यात पाच ते पंचेचाळीस वयोगटातल्या ४८.७ टक्के लोकांना कधी ना कधी डेंगी होऊन गेल्याचे दिसले. पश्चिम भारतात हे प्रमाण ६२.३ टक्के होते आणि पूर्व भारतात फक्त १८.३. आता आपल्या असेंब्ली लाइनवर शेजारी उभी असलेली दोन पोरे डोळ्यांसमोर आणा, एक लातूरचे आणि एक बिहारचे. सरासरीच्या हिशेबाने लातूरच्या पोराचा हा दुसरा डेंगी असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पट्टी तीच, दिवस तोच, लॅब तीच, तरी ती लातूरच्या पोराला चुकवण्याचा धोका अधिक. आणि डेंगी जिवावर बेततो तो प्रामुख्याने दुसऱ्या खेपेलाच. जिथे पट्टी सर्वांत कच्ची, तिथेच आजार सर्वांत पक्का.

चुकीच्या ‘निगेटिव्ह’ची किंमत खाड्यापेक्षा मोठी असते. डेंगी नाही म्हटल्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन सर्रास दिले जाते. डेंगीत ते टाळायचे असते, कारण रक्तस्राव वाढू शकतो. आणि डेंगीत ताप उतरतो तोच काळ घातक असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप खाली येताना, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते आणि रक्तदाब कोसळू शकतो. आमच्याकडे नेमक्या त्याच दिवशी माणसाला फाउंड्रीत किंवा पेंट शॉपच्या उष्णतेत उभे केले जाते, कारण ताप गेला आणि रिपोर्ट निगेटिव्ह आहे.

मग उपाय म्हणून आरटी-पीसीआर करा, असे कोणी म्हणेल. कोविडने आपल्याला तेवढे शिकवले. पीसीआर विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती काढत जाते. प्रत्येक फेरीत दुप्पट, म्हणजे तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त. पट्टीत अशी वाढ होतच नाही, नमुन्यात जेवढे आहे तेवढेच तिच्यासमोर येते. म्हणून नमुन्यात विषाणू कमी असेल तेव्हा दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पण डेंगीच्या सातव्या दिवशी रक्तातून विषाणू निघूनच गेलेला असतो. तेव्हा लाखो रुपयांच्या पीसीआर मशीनपेक्षा प्लेटमधली साधी आयजीएम एलायझा जास्त रुग्ण पकडते. कोणती तपासणी अधिक संवेदनशील, या प्रश्नाला दिवस विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मशीनच्या माहितीपत्रकावरचा टक्का हा योग्य दिवशी, योग्य हाताने घेतलेल्या, बर्फात नीट पोचलेल्या नमुन्याचा असतो. चाकणच्या तळेगाव चौकात दुपारी तासभर अडकलेल्या बाइकच्या डिकीतल्या नमुन्याचा तो नसतो.

कोविडच्या काळाकडे जरा परत पाहू, कारण तेव्हा आपण सगळे या विषयाचे जाणकार झालो होतो आणि तितक्याच वेगाने सगळे विसरलो. एप्रिल २०२० मध्ये प्रतिपिंड पाहणारी चिनी रॅपिड किट्स राज्यांना वाटली गेली आणि महिना संपायच्या आत, २७ एप्रिलला, दोन कंपन्यांची किट्स परत पाठवायला आयसीएमआरने सांगितले. १४ जून २०२० ला अँटिजेन पट्टीला परवानगी देताना आयसीएमआरने स्वतःच छापले होते की दोन ठिकाणच्या पडताळणीत तिची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आढळली, आणि लक्षणे असून पट्टी निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करणे बंधनकारक आहे. कारखान्याच्या गेटवर याचा अर्थ काय होतो पाहा. हजार कामगारांत वीस जणांना संसर्ग आहे असे धरू. चांगल्या परिस्थितीत पट्टी सतरा जण पकडेल, वाईट परिस्थितीत दहा. उरलेले दहा जण हातात निगेटिव्ह घेऊन कँटीनमध्ये जेवायला बसतील, आणि तेही मास्क काढून, कारण आता काळजीचे कारण उरलेले नाही.

पीसीआरचे काय? ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी सात अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून दाखवले की लक्षणे सुरू झाली त्या दिवशी पीसीआरही सुमारे ३८ टक्के रुग्ण चुकवते, तीन दिवसांनी २० टक्के, आणि लक्षणांच्या आदल्या दिवशी तब्बल ६७ टक्के. तरीही एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात कामावर जाणाऱ्यांकडून मागितलेला निगेटिव्ह रिपोर्ट पंधरा दिवस ग्राह्य धरला होता. नमुना देऊन बाहेर पडल्याच्या संध्याकाळी संसर्ग झाला, तरी कागदावर माणूस दोन आठवडे निरोगी! तेव्हा घाई होती, जीव वाचवायचे होते, हे मान्य. पण सवय आदेशाबरोबर संपली नाही. रिपोर्ट म्हणजे गेटपास, ही समजूत तेव्हापासून आपल्या एचआर विभागांत मुरली आहे.

कमी संवेदनशील पट्टी निरुपयोगी असते असे मात्र नाही. ज्याच्या घशात विषाणू भरपूर आहे, म्हणजे जो इतरांना देऊ शकतो, त्याला ती बऱ्यापैकी पकडते आणि तिथल्या तिथे सांगते. पीसीआर मात्र बरे झालेल्या माणसालाही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह ठरवू शकते. दर दोन-तीन दिवसांनी केलेली पट्टी ही पंधरवड्यातून एकदा केलेल्या, तीन दिवसांनी उत्तर देणाऱ्या पीसीआरपेक्षा साथ रोखायला अधिक कामाची. प्रश्न वेगळा, तर साधन वेगळे. मे २०२१ मध्ये घरच्या घरी करायच्या पहिल्या भारतीय अँटिजेन किटला परवानगी मिळाली, तेव्हाही आयसीएमआरने बजावले होते की लक्षणे असताना निगेटिव्ह आले तर पीसीआर करा. ते किट मायलॅबचे. देशी बनावटीचे पहिले मान्यताप्राप्त कोविड आरटी-पीसीआर किटही मार्च २०२० मध्ये याच मायलॅबने दिले. कंपनी आपल्याच पुण्याची.

ही गोष्ट मला राहून राहून खुपते. भारतात विषाणू तपासणीची राजधानी शोधायची तर ती याच जिल्ह्यात आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आपली एनआयव्ही, १९५२ साली सुरू झाली. देशभरच्या सरकारी सेंटिनल केंद्रांना डेंगी आणि चिकुनगुन्याची आयजीएम एलायझा किट्स एनआयव्ही बनवून पुरवते. आसामच्या किंवा केरळच्या सरकारी रुग्णालयात डेंगी पक्का ठरतो तो पुण्यात तयार झालेल्या किटवर. आणि एनआयव्हीपासून तासा-दीड तासावर, चाकणच्या नाक्यावर, आपला माणूस मिळेल त्या पट्टीवर अवलंबून आहे.

दुसरी संस्था तर भोसरीच्या एमआयडीसीतच आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून १९९२ साली सुरू झालेली. एचआयव्हीच्या तपासणीत आपल्या आरोग्य यंत्रणेने एक शिस्त बसवली, ती अजून टिकून आहे. तिथे ‘निगेटिव्ह’ एवढेच सांगून कोणाला घरी पाठवत नाहीत. समुपदेशक आधी विचारतो, धोका केव्हा घडला? मग सांगतो की हा विंडो पीरियड आहे, तीन महिन्यांनी पुन्हा या. कारण संसर्गानंतर विषाणूचा आरएनए सुमारे अकराव्या दिवशी सापडतो, पी-२४ अँटिजेन सोळाव्याच्या आसपास, आणि प्रतिपिंडे जुन्या पद्धतीच्या तपासणीत तीन आठवडे उलटल्यावर. एकच माणूस, एकच रक्त, आणि तीन तपासण्यांची तीन उत्तरे. फारशी शाळा न शिकलेल्या ट्रकचालकालाही हे समजावून सांगता आले. मग डेंगीचे का सांगता येऊ नये? तापाच्या रुग्णाला दिवस विचारायला अर्धे मिनिट लागते.

आता आकड्यांकडे येतो, कारण पत्र शेवटी प्रशासनाला आहे. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम एलायझावर आलेला निकालच पक्का धरतो. पट्टीवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण फक्त ‘संभाव्य’. शास्त्र म्हणून हे योग्यच आहे, पट्टीवर विसंबून साथ मोजू नये. पण मग पट्टीवर पॉझिटिव्ह आलेल्यांतले किती जण एलायझापर्यंत पोचले, हे सांगायची जबाबदारी कोणाची? आपण दर पावसाळ्यात जो ‘बाधितांचा’ आकडा वर्तमानपत्रांना देता, त्याच्याबरोबर किती तपासण्या केल्या, कोणत्या पद्धतीने, तापाच्या कोणत्या दिवसांत, हे येत नाही. तपासण्या कमी केल्या तर आकडा आपोआप सुंदर दिसतो. मला हेतूवर शंका घ्यायची नाही, पण छेद न दिलेला अंश आम्ही कसा वाचायचा?

त्यात हद्दीचा घोळ. कामगार झोपतो निघोजेत, काम करतो महाळुंगेत, रक्त देतो भोसरीत आणि ॲडमिट होतो पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात. त्याचा ताप महापालिकेच्या वहीत, जिल्हा परिषदेच्या, की नगरपरिषदेच्या? १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले तेव्हा चाकणही त्यात घेतले गेले, कारण गुन्हेगार हद्द पाळत नाहीत हे सरकारला पटले होते. डासाबद्दल तेवढी खात्री अजून पटायची आहे.

मोजमाप नीट केले की काय हाती लागते, याचे उदाहरण दूरचे नाही. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले. सुरुवातीच्या नमुन्यांत चिकुनगुन्या निघाला. उत्तर मिळाले म्हणून फाइल तिथेच बंद करता आली असती. एनआयव्हीचे पथक प्रत्यक्ष गेले, बेलसर-परिंचे भागातल्या ४१ जणांचे रक्त घेतले, आणि त्यात २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंगी आणि एका महिलेला झिका आढळला. महाराष्ट्रातला तो पहिला झिका रुग्ण. २०२४ च्या पावसाळ्यात झिका पुणे शहरातच निघाला आणि गर्भवतींवर लक्ष ठेवा असे केंद्र सरकारला राज्यांना कळवावे लागले, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. डेंगी आणि झिकाची प्रतिपिंडे एकमेकांसारखी असल्याने प्रतिपिंडांच्या तपासणीत गल्लत होते. झिका खात्रीने सांगायचा तर पीसीआर हवी, रक्तावर पहिल्या आठवड्यात, लघवीवर त्याहून थोडे उशिरापर्यंत. चाकणच्या खोल्यांत कामगारांच्या तरुण बायकाही राहतात. त्यांच्यातल्या गर्भवतीचा ताप पट्टीवर ‘डेंगी निगेटिव्ह’ ठरला, तर पुढे काय, याचे उत्तर आज कुठल्या दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले आहे?

करायचे काय, तेही आपल्या आवाक्यातले आहे. चाकण बाजूला पावसाळ्याचे चार महिने रोज एक नमुना-वाहन बर्फाच्या पेटीसह फिरवा आणि खासगी लॅबमधले पट्टी-पॉझिटिव्ह नमुने एलायझासाठी न्या. पाच दिवसांच्या आतले असतील तर एनएस-१ एलायझा, नंतरचे असतील तर आयजीएम. पट्टी-निगेटिव्ह पण ताप चढाच असलेल्यांपैकी काहींचे नमुने आणि गर्भवतींचे सर्व नमुने पीसीआरला पाठवा. क्षयरोग कार्यक्रमामुळे गोव्याच्या मोलबायोचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र तालुक्याच्या पातळीपर्यंत पोचले आहे, कोविडमध्ये तेच वापरले गेले. तसेच एखादे यंत्र चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात विषाणूजन्य तापासाठी पावसाळाभर राखून ठेवणे अशक्य नाही. आणि आठवड्याचा तक्ता तीनही संस्थांनी मिळून एकच काढा, त्यात माणूस कुठे राहतो आणि कुठे काम करतो या दोन्ही रकान्यांसह. निम्मी पैदास कंपनीच्या भंगार यार्डातल्या टायरांत आणि ड्रमांत निघाली, तर नोटीस कोणाच्या नावाने काढायची तेही त्यावरून कळेल.

रिपोर्टच्या तळाशी मराठी आणि हिंदीत तीन वाक्ये पुरतील. ‘ही पट्टी तपासणी आहे. निगेटिव्ह आले म्हणजे डेंगी नाही असे ठरत नाही. ताप उतरताना पोटात दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा चक्कर आल्यास लगेच रुग्णालयात या.’ यासाठी निविदा काढावी लागत नाही.

एचआर प्रमुखांना आणि ठेकेदारांना वेगळे सांगायचे आहे. ईएसआयच्या नियमांत आजारपणाचा लाभ मिळतो तो डॉक्टरांनी कामास असमर्थ असल्याचे प्रमाणपत्र दिल्यावर. पात्र कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या सत्तर टक्के. डेंगी पॉझिटिव्हचा रिपोर्ट जोडा, असे कायदा म्हणत नाही, ते आपल्या ऑफिसातल्या टेबलाने ठरवले आहे. १०३ ताप असलेल्या माणसाला रजा हवी, मग तो ताप डेंगीचा असो, चिकुनगुन्याचा असो, की नाव न कळलेल्या विषाणूचा. तपासणी उपचार ठरवण्यासाठी असते. हजेरी ठरवण्यासाठी ती बनलेली नाही आणि त्या कामाला ती पुरतही नाही.

हा पावसाळा येण्याआधी तीनही कार्यालयांनी एकत्र बसून रिपोर्टचा एक नमुना ठरवावा आणि हद्दीतल्या प्रत्येक लॅबला लेखी कळवावा. कारखान्यांनी तोवर वाट पाहू नये. गेटवरच्या सूचना फलकावर उद्याच लावता येईल असे एक वाक्य आहे, आणि ते लावावे ही हात जोडून विनंती. ‘ताप असेल तर घरी राहा, रिपोर्ट मागितला जाणार नाही.’

आपला,
चिंचवडचा एक रहिवासी आणि निवृत्त लॅब तंत्रज्ञ